मनातली धास्ती रक्तवाहिनीला कशी कळते?

दंडाला पट्टा बांधला जातो, हवा भरते, पट्टा करकचून आवळतो आणि मग फुस्स करत सैल पडतो. आकडा येतो 148. "घरी तर 126 होतं हो," आपण म्हणतो. समोरून ठरलेलं उत्तर येतं, "टेन्शन घेऊ नका, त्यानेच वाढतंय."

हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडतं की त्यात विचारण्यासारखं काही आहे असं वाटतच नाही. पण जरा थांबून बघा. धास्ती मनात आहे आणि आकडा रोहिणीतल्या दाबाचा आहे. विचाराला ना वजन ना आकार, मग त्याने रक्तवाहिनी आवळली कशी? "हार्मोन्समुळे" हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. हार्मोन रक्तात मिसळला म्हणजे लगेच नळी बारीक झाली, असं होत नाही. दोघांच्या मध्ये एक अतिसूक्ष्म दार आहे, कॅल्शियम आत सोडणारं. आणि हे दार हार्मोनचं थेट ऐकतच नाही. ते ऐकतं विजेचं.

नळी, पण जिवंत

रक्तवाहिनी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रबरी नळी येते. उपमा वाईट नाही, फक्त ही नळी स्वतःचा व्यास स्वतः बदलते. रोहिणीच्या भिंतीत स्नायूच्या पेशी गोलाकार गुंडाळलेल्या असतात, काठीला दोरा गुंडाळावा तशा. त्या आकसल्या की नळी बारीक होते, सैलावल्या की रुंद. हे स्नायू दंडाच्या स्नायूसारखे आपल्या हुकमतीतले नसतात. शाळेत ज्यांना 'अनैच्छिक स्नायू' म्हणतात, ते हे. ते सावकाश आकसतात, पण एकदा आकसले की फारशी ऊर्जा न खर्चता तासन्‌तास तसेच राहू शकतात. आणि ते पूर्ण सैल कधीच नसतात. शांत झोपेतही बारीक रोहिण्या थोड्या आवळलेल्याच असतात.

दाबाच्या हिशेबात मोठ्या रोहिण्यांपेक्षा केसाएवढ्या आणि त्याहून बारीक रोहिण्यांचं वजन जास्त. कारण आहे गणित. बारीक नळ्यांमधून द्रव कसा वाहतो हे 1840च्या सुमारास प्वाझ्यी नावाच्या फ्रेंच डॉक्टरने मोजून काढलं. त्याच्या नियमानुसार नळीचा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा दुप्पट किंवा चौपट नव्हे, 16 पट. त्रिज्या फक्त 10 टक्क्यांनी घटली तरी अडथळा दीडपटीवर जातो. रक्त हे पाण्यासारखं साधं द्रव नाही, त्यामुळे शरीरात हा हिशेब काटेकोर बसत नाही, पण दिशा तीच. एवढीशी आवळण आणि एवढा मोठा फरक. म्हणून शरीराला दाब बदलायचा असेल तर बारीक रोहिण्यांना किंचित चिमटा काढणं पुरतं.

हा चिमटा काढणारा हात म्हणजे कॅल्शियम.

कॅल्शियमचं दुसरं काम

कॅल्शियम म्हणजे हाडं आणि दात, इतपत आपल्याला माहीत असतं. शरीरातलं 99 टक्के कॅल्शियम तिथेच असतं, हेही खरं. उरलेला एक टक्का काय करतो, हे कळलं ते एका चुकीमुळे.

1880च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर बेडकाचं हृदय शरीराबाहेर मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवायचे प्रयोग करत होते. द्रावणात मीठ पुरेसं आहे, हृदय छान चालतंय, असं त्यांनी छापूनही टाकलं. मग लक्षात आलं की द्रावणासाठी शुद्ध केलेलं पाणी न वापरता नळाचं पाणी वापरलं गेलं होतं. त्यांनी शुद्ध पाण्यात तेच मीठ घालून पाहिलं, तर हृदय मंदावत मंदावत थांबलं. नळाच्या पाण्यात असं काय होतं? थोडंसं कॅल्शियम. ते वेगळं घातलं आणि ठोके परत सुरू झाले. 1883मध्ये रिंगर यांनी आधीच्या लेखाची दुरुस्ती छापली आणि ती दुरुस्ती मूळ लेखापेक्षा कितीतरी मोठी ठरली. स्नायू आकसायला कॅल्शियम लागतं, हे त्यातून पुढे आलं. (आपलीच चूक अशी जाहीर छापण्याची हिंमत मला त्या शोधाइतकीच मोठी वाटते.)

आता रक्तवाहिनीच्या स्नायूपेशीकडे जवळून पाहू. पेशीच्या बाहेरच्या द्रवात मुक्त कॅल्शियम भरपूर आहे. आत मात्र जवळजवळ नाहीच. बाहेरचं प्रमाण आतल्याच्या सुमारे दहा हजार पट. पेशी मुद्दाम, सतत पंप चालवून कॅल्शियम बाहेर फेकत असते. धरण काठोकाठ भरलेलं आणि खालचं नदीपात्र कोरडं, अशी स्थिती. दार बोटभर उचललं तरी खाली लगेच पाणी दिसणार.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण आत शांतता असेल तरच कुजबुज ऐकू येते. पेशीत आधीच कॅल्शियमचा गोंगाट असता, तर थोडं आणखी आल्याने कुणालाच काही कळलं नसतं. आत आलेलं कॅल्शियम कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं. ते प्रथिन एका एन्झाइमला जागं करतं. ते एन्झाइम मायोसिनवर, म्हणजे ओढण्याचं काम करणाऱ्या धाग्यांवर, फॉस्फेटचं बिल्लं लावतं. बिल्लं लागलं की मायोसिन शेजारच्या धाग्याला पकडून ओढू लागतो आणि पेशी आखूड होते. एकेका पेशीचं आखूड होणं मोजायला सूक्ष्मदर्शक लागेल, पण भिंतीतल्या सगळ्या पेशी एकदम आखूड झाल्या की पट्ट्यावरचा आकडा हलतो.

दार विजेवर चालतं

पेशीच्या पातळ पटलात प्रथिनांचे बोगदे असतात. त्यांना चॅनेल म्हणतात, आपण दार म्हणू. रक्तवाहिनीच्या स्नायूत कॅल्शियमचं मुख्य दार एल-प्रकारचं. शास्त्रज्ञांच्या भाषेत त्याचं नाव सीएव्ही 1.2. ते निवडीला फार कडक आहे. सोडियमचे आयन आकाराने कॅल्शियमएवढेच आणि संख्येने बाहेर कितीतरी जास्त, तरी त्यांना बाहेर ठेवून हे कॅल्शियमलाच वाट देतं.

हे दार उघडतं कधी? पेशीच्या आतली बाजू बाहेरच्या तुलनेत किंचित ऋण भारित असते. बारीक रोहिण्यांच्या स्नायूत हा फरक साधारण उणे 60 ते उणे 40 मिलिव्होल्टच्या दरम्यान. घड्याळातल्या बटनसेलच्या तुलनेतसुद्धा हे काहीच नाही. पण दाराच्या प्रथिनात भारित भाग आहेत, आणि ते व्होल्टेज बदललं की सरकतात. आत ऋण भार कमी झाला, म्हणजे उणे 50चं उणे 40 झालं, की दारं उघडण्याची शक्यता वाढते. ऋण भार वाढला की ती मिटतात.

दिव्याच्या बटणापेक्षा पंख्याचा रेग्युलेटर डोळ्यांपुढे आणा. कोणत्याही क्षणी बहुतेक दारं बंदच असतात, थोडीशी उघडतात आणि मिटतात. व्होल्टेजने ठरतं ते एवढंच की 'थोडीशी' म्हणजे किती. अवघ्या 3 मिलिव्होल्टच्या फरकाने आत येणारं कॅल्शियम जवळपास दुप्पट किंवा निम्मं होऊ शकतं, असं मोजमाप आहे. आता प्वाझ्यीचा चौथा घात आठवा. इवल्याशा व्होल्टेजने कॅल्शियम बदलतं, कॅल्शियमने त्रिज्या थोडी बदलते, त्रिज्येने अडथळा खूप बदलतो.

या एका दारावर किती अवलंबून आहे? 2003मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी प्रौढ उंदरांच्या अनैच्छिक स्नायूंमधून फक्त या दाराचा जनुक काढून टाकला. त्यांचा सरासरी रक्तदाब पाऱ्याच्या सुमारे 30 मिलिमीटरने खाली आला.

निरोप आणणारे तिघे

धोका जाणवला, मग तो समोरचा साप असो की उद्याची मुलाखत, की मेंदू दोन वाटांनी निरोप धाडतो. पहिली वाट मज्जातंतूंची. अनुकंपी चेतासंस्थेचे, म्हणजे धोक्याच्या वेळी शरीराला आपोआप सज्ज करणाऱ्या मज्जाजाळ्याचे, तंतू बारीक रोहिण्यांना बाहेरून जाळ्यासारखे वेढून असतात आणि त्यांच्या टोकांतून थेट भिंतीवर नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सुटतं. याला सेकंद पुरतात. दुसरी वाट रक्ताची. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या गाभ्यातून अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात उतरतं. त्याच ग्रंथींच्या सालीतून, जरा उशिराने, कॉर्टिसॉल येतं.

एक गोष्ट लोकांना सहसा माहीत नसते. 'स्ट्रेस हार्मोन' म्हणून नाव अ‍ॅड्रेनॅलिनचं होतं, पण रक्तवाहिन्या आवळण्याचं बरंचसं काम मज्जातंतूंतून सुटलेलं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन करतं. ते रक्तात फिरत येत नाही, जागेवरच सुटतं. त्यामुळे रक्तातलं अ‍ॅड्रेनॅलिन मोजून कुणाच्या वाहिन्या किती आवळल्या आहेत ते कळत नाही.

घंटा बाहेर वाजते, दार दुसरीकडे उघडतं

हा लेखाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

नॉरअ‍ॅड्रेनॅलिन पेशीच्या आत शिरत नाही. पेशीच्या अंगावर रिसेप्टर नावाची प्रथिनं असतात, घराबाहेरच्या घंटेसारखी. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन आल्फा-1 जातीची घंटा दाबतं. आतमध्ये दोन निरोपे धावतात.

पहिला निरोप्या पेशीच्या आतल्या कोठीकडे जातो. पेशीने थोडं कॅल्शियम आतच एका पिशवीत साठवून ठेवलेलं असतं, तिचं झाकण तो उघडतो. एवढ्याने आवळण सुरू होते, पण कोठी लहान आहे, लवकर रिकामी होते. आवळण टिकवायची तर बाहेरचंच कॅल्शियम हवं. आणि इथे एक सुंदर वळण आहे. कोठीतून सुटलेलं कॅल्शियम पटलातली क्लोराइडची दारं उघडतं. क्लोराइड ऋण भारित, आणि या पेशींत ते भरपूर असतं. ते बाहेर पडलं की आतला ऋण भार कमी होतो. त्याच वेळी धन आयनांना आत घेणारी आणखी काही दारं उघडतात. दोन्हींचा परिणाम एकच, व्होल्टेज चढतं. ते चढलं की एल-प्रकारची कॅल्शियमची दारं आपोआप उघडू लागतात. हार्मोनने त्यांना हातही लावलेला नसतो.

दुसरा निरोप्या प्रोटीन कायनेज सी या एन्झाइमला उठवतो. ते पोटॅशियमची काही दारं मिटवतं. पोटॅशियम धन भारित, ते बाहेर जात राहिलं तर आतली बाजू ऋण राहते. ते अडवलं की व्होल्टेज आणखी चढतं. शिवाय हे एन्झाइम कॅल्शियमच्या दाराची उघडण्याची प्रवृत्तीही वाढवतं.

आणि एक तिसरी गोष्ट शांतपणे चाललेली असते, तिला दाराशी देणंघेणं नाही. मायोसिनवर लागलेलं फॉस्फेटचं बिल्लं काढणारं एक एन्झाइम पेशीत सतत काम करत असतं. हार्मोनचा निरोप त्याचा वेग कमी करतो. बिल्ली निघत नाहीत म्हणून तेवढ्याच कॅल्शियममध्ये पकड जास्त घट्ट बसते. कॅल्शियमची दारं अडवणारी औषधं घेऊनही तणावात बीपी थोडंफार चढतं, त्यामागे हेही एक कारण आहे.

हे सगळं कधी उघड्या डोळ्यांनी पाहायचं असेल तर व्यासपीठावर जायच्या आधी स्वतःची बोटं गालाला लावून बघा. गार असतात. त्वचेच्या वाहिन्यांवर आल्फा घंटा भरपूर, म्हणून रक्त तिथून आधी काढून घेतलं जातं. काही जणांत हे टोकाला जातं. थंडीने किंवा धास्तीने बोटं आधी पांढरी, मग निळसर आणि शेवटी लालबुंद होतात. या रेनॉच्या त्रासावर दिलं जाणारं नेहमीचं औषध निफेडिपिन, म्हणजे कॅल्शियमचं हेच दार अडवणारी गोळी.

मग पळताना रक्तवाहिन्या का आवळत नाहीत?

शंका रास्त आहे. जोरात पळणाऱ्याच्या रक्तातही अ‍ॅड्रेनॅलिन उसळलेलं असतं, तरी मांड्यांना रक्त भरभरून मिळतं.

उत्तर असं की घंटा एकाच जातीची नसते. 1948मध्ये रेमंड आल्क्विस्ट या अमेरिकी औषधशास्त्रज्ञाने सुचवलं की एकच हार्मोन कुठे आवळतो आणि कुठे सैलावतो, कारण त्याचे रिसेप्टर दोन जातींचे आहेत, आल्फा आणि बीटा. हात-पाय हलवणाऱ्या स्नायूंना रक्त नेणाऱ्या वाहिन्यांवर बीटा-2 घंटा भरपूर असतात, आणि अ‍ॅड्रेनॅलिन त्या आवडीने दाबतं. तिथून वेगळा निरोप जातो. पोटॅशियमची दारं उघडतात, व्होल्टेज खाली येतं, कॅल्शियमची दारं मिटतात, कोठी कॅल्शियम परत ओढून घेते आणि वाहिनी रुंद होते. शिवाय काम करणारा स्नायू स्वतःच असे पदार्थ सोडतो की आसपासच्या वाहिन्या नॉरअ‍ॅड्रेनॅलिनला फारशा जुमानत नाहीत.

म्हणजे हार्मोन निरोप आणतो, अर्थ लावते ती पेशी. दाताच्या डॉक्टरांच्या इंजेक्शनमध्ये भुलीच्या औषधासोबत बहुधा थोडं अ‍ॅड्रेनॅलिन असतं. ते हिरडीतल्या वाहिन्या आवळून ठेवतं म्हणून भूल जागेवर टिकते. छाती क्षणभर धडधडली तर तेही त्याचंच काम.

घंटांचं हे गणित चुकलं तर जिवावर बेततं. अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यात क्वचित एक गाठ होते, फिओक्रोमोसायटोमा. ती बेहिशेबी अ‍ॅड्रेनॅलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सोडते. ठणकणारं डोकं, घाम, धडधड आणि भडकलेलं बीपी. धडधड थांबवायला पहिल्यांदा बीटा घंटा बंद करणारं औषध दिलं, तर वाहिन्या सैलावणारी बाजू बंद पडते, आवळणारी तशीच राहते आणि बीपी आणखी उसळतं. म्हणून आधी आल्फा बंद करायची, मगच बीटा. हा क्रम वैद्यकाच्या विद्यार्थ्यांकडून घोटून घेतात.

हृदयाची तऱ्हा आणखी निराळी. कॅल्शियमचं दार तिथेही तेच, पण बीटा घंटा वाजली की ते मिटण्याऐवजी जास्त उघडतं, म्हणून ठोका जोरकस होतो. हे कसं, यावर कित्येक दशकं डोकेफोड झाली. अ‍ॅड्रेनॅलिनचा निरोप दारावरच कुठेतरी फॉस्फेट लावत असणार असं धरून संशोधक ती जागा शोधत राहिले. संशयित जागा बदलून पाहिल्या तरी परिणाम होतच राहिला. 2020मध्ये उलगडा झाला. दाराशेजारी रॅड नावाचं एक छोटं प्रथिन बसलेलं असतं आणि ते दार दाबून धरतं. फॉस्फेट त्याला लागतं आणि ते बाजूला होतं. सगळे दाराची कडी तपासत होते आणि दार धरून बसलेल्याकडे कुणी पाहत नव्हतं.

ब्रेकही कॅल्शियमचाच

वाहिन्या आवळत आवळत बंदच का होत नाहीत? एक कारण असं की कोठीच्या तोंडाशी, पटलाला खेटून, कॅल्शियमच्या बारीक ठिणग्या उडत असतात. इतक्या छोट्या की संपूर्ण पेशीतलं प्रमाण वाढत नाही, पण तिथल्या पोटॅशियमच्या मोठ्या दारांना त्या पुरतात. ती उघडली की पोटॅशियम बाहेर, व्होल्टेज खाली आणि कॅल्शियमची दारं मिटू लागतात. आवळणारं कॅल्शियमच सैलावण्याची सोय करून ठेवतं. 1995मध्ये हे दाखवलं गेलं तेव्हा ते उफराटं वाटलं होतं. पुढे, ज्या उंदरांत हा पोटॅशियमचा ब्रेक अधू केला त्यांचं बीपी चढलेलं आढळलं. दुसरा ब्रेक वाहिनीच्या आतल्या अस्तरातून येणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडचा. त्याच्या शोधाला 1998चं नोबेल मिळालं. त्याची गोष्ट स्वतंत्र लेखाएवढी आहे.

कॉर्टिसॉल घाईत नसतं

अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं. कॉर्टिसॉलला तासभर किंवा त्याहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि त्याचा परिणाम तर त्यानंतरही रेंगाळतो. कारण ते घंटा दाबून थांबत नाही. ते पटलातून सरळ आत शिरतं, केंद्रकापर्यंत जातं आणि कोणती प्रथिनं किती बनवायची त्यात ढवळाढवळ करतं. त्याच्या असण्याने स्नायू नॉरअ‍ॅड्रेनॅलिनला जास्त जोराने प्रतिसाद देतो आणि नायट्रिक ऑक्साइडचा ब्रेक ढिला पडतो. कॉर्टिसॉल स्वतः फारसं आवळत नाही, आवळणाऱ्याचा आवाज मोठा करतं. ते जवळपास नसेल तर काय होतं, हे अ‍ॅडिसनच्या आजारात दिसतं. बीपी उतरलेलं राहतं आणि वाहिन्या निरोपांना नीट दाद देत नाहीत. उलट कुशिंगच्या आजारात कॉर्टिसॉल सतत जास्त असतं आणि बहुतेक रुग्णांचं बीपी वाढलेलं असतं.

याच ग्रंथीच्या सालीतून निघणाऱ्या अल्डोस्टेरॉन या भावंडाबद्दल 2012मध्ये उंदरांवरचं एक काम प्रसिद्ध झालं. वाहिन्यांच्या स्नायूत अल्डोस्टेरॉनचा रिसेप्टरच नसलेल्या उंदरांत वयाबरोबर चढणारं बीपी कमी चढलं, आणि त्यांच्या स्नायूत एल-प्रकारच्या दारांची हालचालही कमी दिसली. म्हणजे हार्मोन क्षणापुरतं दार उघडण्यापलीकडे जाऊन, किती दारं बसवायची यावरही प्रभाव टाकू शकतात. उंदीर आणि माणूस यांत अंतर आहे, हे मात्र विसरू नये.

"म्हणजे माझं बीपी टेन्शनमुळेच आहे ना?"

इथे मला जरा हात आखडता घ्यावासा वाटतो. टेन्शनने बीपी तात्पुरतं चढतं, यात वाद नाही. पण कायमचं वाढलेलं बीपी बहुतेकांत अनेक धाग्यांनी विणलेलं असतं. आनुवंशिकता, मूत्रपिंडांचं मिठाशी नातं, वजन, वय आणि वयाबरोबर कडक होणाऱ्या रोहिण्या. तणाव त्यातला एक धागा. दाब दीर्घकाळ चढाच राहिला तर भिंतीतल्या पेशी त्याच्याशी जुळवून घेतात. वारंवार आत येणारं कॅल्शियम केंद्रकातल्या काही जनुकांनाही जागं करतं, भिंत जाड होते, आतली वाट अरुंद होते. मग धास्ती गेली तरी नळी पूर्वीएवढी रुंद होत नाही.

'माझं बीपी फक्त टेन्शनचं, सुट्टीवर गेलो की उतरेल' या समजुतीवर गोळी बंद करणारे मी पाहिले आहेत. दवाखान्यातच चढणारं, पांढऱ्या कोटाचं बीपी खरोखर असतं. पण ते तसं आहे की नाही, हे घरी नीट मोजून किंवा 24 तासांचं यंत्र लावून ठरतं, स्वतःच्या अंदाजावर नाही.

"हाडांसाठी कॅल्शियम घ्यायचं आणि बीपीसाठी ते अडवायचं?"

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे. अ‍ॅम्लोडिपिनसारख्या गोळीच्या वर्गाचं नावच मुळी 'कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर'. त्यामुळे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं वाटतं. पण ही गोळी कॅल्शियमला हात लावत नाही, दाराला लावते. आतड्यातून कॅल्शियम शोषलं जाणं, हाडांत बसणं, रक्तातलं प्रमाण, हे सगळं वेगळ्या यंत्रणा सांभाळतात. धरणाच्या दारावर पहारा बसवला म्हणून धरणातलं पाणी आटत नाही.

या औषधांची कल्पना 1960च्या दशकात जर्मनीत फ्रायबुर्गला आल्ब्रेख्ट फ्लेकेनश्टाइन यांनी मांडली. काही औषधं हृदयाचा जोर अगदी तसाच कमी करतात जसा द्रावणातून कॅल्शियम काढून घेतल्यावर होतो, हे त्यांनी हेरलं. रिंगरच्या नळाच्या पाण्याचा उलटा प्रयोगच म्हणायचा.

अ‍ॅम्लोडिपिन हृदयाला सोडून मुख्यतः वाहिन्यांवरच का बसते? पुन्हा व्होल्टेज. वाहिन्यांच्या स्नायूत ते सतत थोडं चढलेलं असतं, त्यामुळे दारं अशा अवस्थेत जास्त वेळ राहतात की गोळीला ती घट्ट पकडता येतात. हृदयाचा स्नायू दोन ठोक्यांच्या मध्ये कितीतरी खाली, उणे 80-90पर्यंत उतरतो आणि पकड सुटते. याच गोळीने काहींचे घोटे सुजतात, त्याचंही कारण भिंतीतच आहे. केशवाहिन्यांकडे येणारी बाजू रुंद होते, पण परत नेणाऱ्या नीला तेवढ्या रुंद होत नाहीत, मग मधल्या मध्ये पाणी झिरपतं. ही सूज मूत्रपिंड बिघडल्याची खूण आहे असं ठरवून घाबरू नये आणि गोळी परस्पर बंदही करू नये. डॉक्टरांना सांगितलं की मात्रा किंवा औषध बदलता येतं.

आणि हो, ही गोळी टेन्शन घालवत नाही. घंटा वाजतच राहतात, निरोपे धावतच राहतात, शेवटचं दार तेवढं जड झालेलं असतं.

मोजण्याआधीची पाच मिनिटं

बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा, असं सांगतात. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीला, त्याआधी अर्धा तास चहा-कॉफी किंवा तंबाखू नाही, लघवी तुंबलेली नाही. ही औपचारिकता वाटते, पण तेवढ्या वेळात भिंतीत बरंच काही घडून जातं. तंतूंची टोकं सुटलेलं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन परत ओढून घेतात. रक्तातलं अ‍ॅड्रेनॅलिन निम्मं होऊन पुन्हा निम्मं होतं. घंटा थांबतात, व्होल्टेज काही मिलिव्होल्टने उतरतं, दारं मिटू लागतात. आत आलेलं कॅल्शियम पंप एकेक करून कोठीत आणि बाहेर ढकलतात, आणि मायोसिनवरची बिल्ली उतरवणारं एन्झाइम आपल्या नेहमीच्या वेगावर येतं. मग एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजायचं. मधल्या वेळात फोनवर बोलायचं नाही, नुसत्या बोलण्यानेही आकडा चढतो.